शिर्डीचा मुक्काम : वाड्यांपासून भक्तनिवासांपर्यंत

शिर्डीचे समाधी मंदिर मुळात एक वाडा आहे. नागपूरचे धनिक गोपाळराव उर्फ बापूसाहेब बुटी यांनी १९१५च्या सुमारास हे दगडी बांधकाम हाती घेतले. शिर्डीला आल्यावर उतरण्यासाठी स्वतःचे घर असावे आणि त्यातच मुरलीधराचे मंदिर असावे, अशी त्यांची कल्पना होती. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, साईबाबांनी देह ठेवला आणि मुरलीधरासाठी राखलेल्या जागी त्यांची समाधी झाली. आज देशभरातून आलेल्या लोकांची रांग जिथे संपते, तो गाभारा या वाड्याचाच भाग आहे. उतरण्याच्या घराचे देवालय व्हावे, हे क्षेत्रांच्या इतिहासात क्वचितच घडते. त्यामुळे शिर्डीत कोण कुठे उतरले, किती दिवस राहिले आणि त्यासाठी काय मोजले, हा गावाच्या इतिहासातला किरकोळ तपशील राहत नाही. ते गाव कसे वाढले हे त्यातूनच समजते.

महाराष्ट्रातल्या जुन्या क्षेत्रांची रीत वेगळी होती. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण या ठिकाणी यात्रेकरू आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या वाड्यात उतरत. कोणत्या गावचे, कोणत्या कुळाचे यजमान कोणाकडे जाणार हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असे. आजा येऊन गेल्याची नोंद उपाध्यायाच्या वहीत सापडे आणि नातू तिच्याखाली आपले नाव लिही. राहणे, जेवणे, पूजा सांगणे हे सगळे एकाच दक्षिणेत येई. ज्यांना उपाध्याय नसे त्यांच्यासाठी धर्मशाळा, देवळाची ओवरी किंवा नदीचा घाट होता. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा बांधल्या. शिर्डी ज्या जिल्ह्यात आहे त्याला आता त्यांचेच नाव मिळाले आहे. परक्या मुलखात आलेल्याला डोक्यावर छप्पर देणे हे पुण्याचे काम आहे, या समजुतीला त्यांनी दगडचुन्याचे रूप दिले.

इंग्रजी अमलात साहेबलोकांची सोय निराळी झाली. डाक बंगले उभे राहिले आणि कधीकधी जुन्या वास्तूही त्या कामी लावल्या गेल्या. नगर शहराच्या पूर्वेला डोंगरावर निजामशाहीतील वजीर सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या सैनिकांचे हवा पालटण्याचे ठिकाण म्हणून तिचा उपयोग होत असे. सामान्य वाटसरूंच्या सराया मात्र १८६७च्या सराई कायद्याखाली आल्या. जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदणी करणे, आवार स्वच्छ ठेवणे, पहारेकरी नेमणे आणि मुक्कामाच्या दरांचा तक्ता दिसेल असा लावणे ही कर्तव्ये त्या कायद्याने सराई चालवणाऱ्यावर टाकली. भाड्याच्या खोलीबाहेर दरफलक असावा, ही अपेक्षा इतकी जुनी आहे.

शिर्डीत यांपैकी काहीच नव्हते. कोपरगाव तालुक्यातले (आता राहाता तालुक्यातले) ते एक लहान शेतकरी गाव होते. तीर्थ नाही, नदीचा घाट नाही, स्वयंभू देव नाही आणि म्हणून क्षेत्रोपाध्यायही नाहीत. खंडोबाचे देऊळ होते, त्याचे पुजारी म्हाळसापती सोनार होते, मारुती होता, एक मोडकी मशीद होती आणि सरकारी चावडी होती. बाबा मशिदीत राहत आणि पाच घरी भिक्षा मागत. सखाराम शेळके, वामनराव गोंदकर, बायजाबाई आणि गणपत कोते पाटील, बयाजी आप्पा कोते पाटील आणि नंदराम मारवाडी यांची ती घरे होत. गावाबाहेरचा कोणी आला तर तो अशाच एखाद्या घराच्या ओसरीवर, नाहीतर देवळात पथारी टाकी.

बाहेरून येणारे वाढू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. याची कारणे दोन होती. दौंड–मनमाड रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला होता. त्यावरच्या कोपरगाव स्थानकावर उतरून टांग्याने किंवा बैलगाडीने सुमारे १५ किलोमीटर आले की शिर्डी. दुसरे कारण दासगणूंची कीर्तने. पोलीस खात्यातली नोकरी सोडून कीर्तनकार झालेले गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे उर्फ दासगणू यांनी मुंबई-ठाण्याच्या मध्यमवर्गात बाबांचे नाव पोचवले. डेप्युटी कलेक्टर नारायण गोविंद उर्फ नानासाहेब चांदोरकर यांनी आपल्या ओळखीच्या सरकारी नोकरांना आणि वकिलांना शिर्डीला जाण्याचा आग्रह धरला. १८९७ साली कोपरगावच्या गोपाळराव गुंड यांच्या पुढाकाराने उरूस सुरू झाला. पुढे त्याला रामनवमीच्या उत्सवाची जोड मिळाली आणि वर्षातून एकदा हजारो माणसे गावात उतरू लागली. तेव्हाची अडचण खोल्यांपेक्षा पाण्याची होती. गावात दोन विहिरी होत्या. एक आटलेली आणि दुसरी खारट. उत्सवासाठी गावातले तात्या पाटील लांबून मोटेचे पाणी आणवीत.

शिर्डीच्या मुक्कामाला आणखी एक वैशिष्ट्य होते आणि वाडे का बांधले गेले याचे उत्तर त्यात आहे. बाबांच्या परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, असा दंडक होता. रजा न घेता निघालेल्यांचे टांगे मोडले, गाड्या चुकल्या अशा कथा गोविंद रघुनाथ दाभोलकर उर्फ हेमाडपंत यांच्या श्रीसाईसच्चरितात जागोजाग येतात. दोन दिवसांसाठी आलेला माणूस दोन आठवडे राही. मुक्काम किती दिवसांचा हे येणाऱ्याच्या हाती नसल्याने ओसरीवरची पथारी पुरेनाशी झाली. बायकामुलांसह आलेल्या शहरी कुटुंबाला चूल मांडायला, आंघोळीला आणि सोवळ्याला जागा लागे. गावातल्या घरांवर हा भार किती दिवस टाकायचा, हा प्रश्न उभा राहिला.

पहिले उत्तर दिले हरी विनायक साठे यांनी. हेही डेप्युटी कलेक्टरच. त्यांनी १९०८च्या सुमारास, जिथे बाबा तरुणपणी बसत असे सांगतात त्या निंबाच्या झाडाला लागून वाडा बांधला. त्यासाठी गावकुसाची जुनी भिंत पाडावी लागली. साठे नोकरीनिमित्त बाहेरगावी असत. वाड्यात त्यांचे सासरे गणेश दामोदर उर्फ दादा केळकर राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची व्यवस्था पाहत. अमरावतीचे नामांकित वकील आणि टिळकांचे सहकारी गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९१० मध्ये प्रथम शिर्डीला आले, तेव्हा त्यांना याच वाड्यात उतरवण्यात आले.

दुसरा वाडा दीक्षितांचा. हरी सीताराम उर्फ काकासाहेब दीक्षित हे मुंबईचे सॉलिसिटर होते. लंडनमध्ये पाय दुखावल्यापासून ते लंगडत. पायाचा लंगडेपणा राहिला तरी चालेल, मनाचा जावा, ही त्यांची बाबांकडची मागणी साईसच्चरितात नोंदलेली आहे. स्वतःपुरते एक छोटेसे घर बांधावे असा त्यांचा आधी विचार होता. पुढे त्यांनी आपले समभाग विकून सगळ्या भक्तांसाठी वाडाच बांधायचे ठरवले. ९ डिसेंबर १९१० रोजी परवानगी मिळाली, दुसऱ्या दिवशी पाया घातला गेला आणि १९११च्या रामनवमीला वास्तू लागती झाली. माडीवरची एक खोली त्यांनी स्वतःच्या एकांतासाठी ठेवली. बाकीची जागा येईल त्याची होती.

दीक्षितवाड्यातले दिवस कसे जात याचे चांगले चित्र खापर्डे यांच्या रोजनिशीत मिळते. डिसेंबर १९११ मध्ये ते दुसऱ्यांदा आले आणि मार्च १९१२च्या मध्यापर्यंत राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्याहूनही अधिक काळ राहिल्या. पहाटे काकड आरती, मग प्रार्थना, बाबा लेंडीबागेकडे जाताना दर्शन, दुपारची आरती, जेवण, वामकुक्षी आणि मग पोथी. वाड्यात एकनाथांचे भावार्थ रामायण, दासबोध, पंचदशी असे ग्रंथ वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. उत्तम चालणारी वकिली मागे ठेवून आलेला माणूस तीन महिने या क्रमात बांधलेला राहतो, त्यासाठी छपराइतकीच सोबतीचीही गरज असते. ती वाड्यांनी पुरवली. मुंबईचा सॉलिसिटर, वऱ्हाडचा वकील, ठाण्याचा कारकून आणि खानदेशचा शेतकरी एका पंगतीला बसले ते या वाड्यांमध्ये.

या वाड्यांत भाडे नव्हते. दान होते, शिधा होता, नोकरचाकरांना काही देणे होते. पण रात्रीचा दर ठरवून खोली देण्याचा व्यवहार नव्हता. धर्मशाळेशी या वाड्यांचे नाते होते, तरी त्या अर्थाने त्या धर्मशाळा नव्हत्या. धर्मशाळा बांधणारा बहुधा दूर असतो, इथे बांधणारा स्वतः इतरांबरोबर राहत होता. क्षेत्रोपाध्याय नसलेल्या गावात भक्तांनी एकमेकांसाठी केलेली ही सोय होती आणि शिर्डीचे वेगळेपण इथेच आहे. जेवणाचा भाग मात्र लवकरच व्यवसायात गेला. गोव्याकडून आलेले सगुण मेरू नाईक यांनी गावात चहा-जेवणाची सोय सुरू केली. चावडीजवळ राहणाऱ्या सुंदराबाई क्षीरसागर, म्हणजे राधाकृष्णमाई, यांच्या घरी वेगळीच रीत होती. तिथे उतरणाऱ्याला रस्ता झाडण्यापासून आरतीची तयारी करण्यापर्यंत कामाला लागावे लागे. १९१६ साली त्यांचे निधन झाले. उत्सवाची शिस्त त्यांनीच घालून दिली होती आणि शिर्डीच्या इतिहासात त्यांना मिळाले त्यापेक्षा बरेच मोठे स्थान मिळायला हवे.

तिसरा वाडा बुटींचा. बुटी आणि माधवराव देशपांडे उर्फ शामा या दोघांना एकाच रात्री वाडा बांधण्याविषयी स्वप्न पडले, असे साईसच्चरित सांगते. पाया, विहीर आणि तळमजल्यावर शामाने देखरेख केली, पुढचे काम दुसरे एक भक्त बापूसाहेब जोग यांनी पाहिले. लेंडीकडे जाता-येता बाबा दारे-खिडक्यांविषयी सूचना करीत. काम पुरे होत आले असताना बाबांची प्रकृती ढासळली आणि ‘मला वाड्यात ठेवा’ अशा अर्थाचे शब्द त्यांच्या तोंडून निघाले, अशी नोंद आहे.

देहावसानानंतर मोठा पेच पडला. मुसलमान भक्तांचे म्हणणे होते की मोकळ्या जागी दफन करून वर कबर बांधावी. गावकऱ्यांचा मोठा गट वाड्याच्या बाजूने होता. चर्चा ३६ तास चालली. कोपरगावच्या मामलेदारांनी लोकांची मते घेतली, ती वाड्याच्या बाजूने सुमारे दुपटीने पडली आणि मग वाड्याच्या मध्यभागी समाधी झाली. उतरण्याचे घर कायमचे समाधीचे घर झाले, ते असे गावाच्या मताने आणि सरकारी अधिकाऱ्यासमोर. बुटींनी बांधलेल्या वाड्याला त्यानंतर राहते घर म्हणून अर्थ उरला नाही आणि त्यांनी तसा हक्कही सांगितला नाही. शिर्डीला मिळालेल्या देणग्यांमध्ये ही सर्वांत मोठी मानावी लागेल.

बाबांच्या पश्चात परवानगीचा दंडक राहिला नाही. महिनोन् महिने राहणारे थोडे झाले आणि एक-दोन दिवसांसाठी येणारे वाढले. १९२२ साली नगरच्या जिल्हा न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार साईबाबा संस्थानचा कारभार सुरू झाला. दीक्षितांनी आरंभीच्या काळात त्याची मोठी जबाबदारी उचलली. ५ जुलै १९२६ रोजी आगगाडीत प्रवास करताना त्यांचे निधन झाले. वाडे हळूहळू संस्थानच्या व्यवस्थेखाली आले आणि ‘अमक्यांच्या वाड्यात उतरणे’ जाऊन ‘संस्थानची खोली मिळणे’ सुरू झाले. माणसाऐवजी कचेरी आली. नोंदवही, पावती, अनामत आणि ठराविक वेळेला खोली सोडणे हे सगळे त्याबरोबर आले. गर्दी वाढत होती, त्यामुळे हे टळण्यासारखे नव्हते. पण जुन्या वाड्यांतली सोबत कचेरीला देता येणारी नव्हती, हेही तितकेच खरे.

१९५४च्या विजयादशमीला समाधीवर बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती बसली. आज घराघरात दिसणारे बाबांचे रूप बऱ्याच अंशी या मूर्तीचे आहे. १९७७ साली ‘शिर्डी के साईबाबा’ हा हिंदी चित्रपट आला आणि उत्तर भारताचा ओघ सुरू झाला. आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटकातून येणारे यात्रेकरू आधीपासून होतेच, त्यांची संख्याही फार वाढली. गावकुसाच्या आतली वस्ती या गर्दीला पुरणे शक्य नव्हते. संस्थानने मंदिरापासून दूर मोठी भक्तनिवासे बांधली. पाचशे खोल्यांचे भक्तनिवास, तीनशेहून अधिक खोल्यांची द्वारावती आणि चेन्नईच्या एका साईभक्ताच्या ट्रस्टच्या देणगीतून झालेला, दीड हजारांहून अधिक खोल्यांचा साईआश्रम ही त्यांतली ठळक नावे. जेवणही खोलीपासून वेगळे झाले. प्रसादालयात २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करणारी ७३ तबकड्यांची यंत्रणा बसली. दिवसाला हजारो पाने तिथे वाढली जातात. वाड्यातली चूल आणि सोवळे कायमचे मागे पडले.

संस्थानच्या खोल्या स्वस्त, पण मागणीच्या मानाने नेहमीच अपुऱ्या. उरलेली गरज गावाने भागवली. गोदावरीच्या उजव्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणि पेरूच्या बागा आणल्या होत्या. राहात्याचे पेरू आजही नावाजलेले आहेत. नगर–मनमाड रस्त्यालगतची अशी बागायत एन.ए. (बिगरशेती) होऊन तिच्यावर लॉज आणि हॉटेले उभी राहिली. ज्या शेतकरी कुटुंबांच्या ओसरीवर पूर्वी पाहुणा पथारी टाकी, त्यांची पुढची पिढी लॉजचालक झाली. त्यानंतर फ्लॅटच्या इमारती आल्या. मुंबई, सुरत, हैदराबाद, चेन्नईच्या भक्तांनी वर्षातून चार वेळा यायचे म्हणून वन आरके किंवा वन बीएचके घेऊन ठेवले. उरलेले दिवस ते कुलूपबंद ठेवण्यापेक्षा रोजाच्या भाड्याने देण्याची रीत पडली. चावी ओळखीच्या माणसाकडे, गॅस-भांडी घरात, सहा-आठ माणसांचे कुटुंब एकत्र राहते आणि लॉजच्या दोन खोल्यांपेक्षा पैसे कमी लागतात. स्वतःची चूल मांडता येणारे घर ही खापर्डे कुटुंबाची १९११ची गरज शंभर वर्षांनी भाड्याच्या फ्लॅटमध्ये परत आली. फरक एवढाच की शेजारच्या खोलीत कोण उतरले आहे हे आता कळत नाही.

भाड्याचा व्यवहार आला तसे मधले लोकही आले. बसस्थानकावर आणि रस्त्यावर गाडी अडवून लॉज, पूजासाहित्य आणि दर्शन यांचा एकत्र सौदा गळ्यात मारणाऱ्यांना शिर्डीत ‘पॉलिशवाले’ म्हणतात. खोलीच्या दरात त्यांचे कमिशन धरलेले असते, त्यामुळे तीच खोली थेट विचारणाऱ्याला एका दराने आणि पॉलिशवाल्याबरोबर आलेल्याला दुसऱ्या दराने मिळते. त्यांच्यावर वेळोवेळी पोलीस कारवाई होते, काही दिवस रस्ता मोकळा होतो आणि पुन्हा तेच सुरू होते. श्रद्धेने आलेल्या, भाषा न समजणाऱ्या माणसाची पहिली भेट अशी व्हावी ही शिर्डीची लाजिरवाणी बाजू आहे. १८६७च्या कायद्याने सांगितलेला दरांचा तक्ता प्रत्येक दारावर प्रामाणिकपणे लागला, तरी यातला बराच भाग थांबेल.

करांच्या बाबतीतही धर्मशाळा आणि हॉटेल यांतली रेषा पुन्हा आखावी लागली. जुलै २०२२ मध्ये दिवसाला १००० रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोल्यांवरही वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा धर्मशाळांचे काय, असा प्रश्न देशभर उठला. धार्मिक ट्रस्टच्या आवारातल्या, दिवसाला १००० रुपयांहून कमी भाड्याच्या खोल्यांना सूट कायम आहे, असे केंद्राने ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. पुण्याची सोय कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, याचे उत्तर कायद्याने अशा प्रकारे रुपयांत दिले.

मुक्कामाची लांबी मात्र कमी-कमी होत गेली आहे. २००९ साली पुणतांब्याहून फाटा काढून साईनगर शिर्डी हे स्थानक झाले आणि कोपरगावचा टांगा इतिहासजमा झाला. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथे विमानतळ सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत धावू लागली. सकाळी मुंबई सोडून, दर्शन घेऊन रात्री घरी परतता येऊ लागले. काहीजण शिर्डीत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी शनिशिंगणापूर उरकतात. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२० या काळात मंदिर बंद राहिले. तेव्हा गावाची मिळकत किती पूर्णपणे रात्रीच्या मुक्कामावर उभी आहे, हे रिकाम्या लॉजच्या रांगांनी दाखवून दिले. पाहुणा एक रात्र जरी कमी राहिला तरी खोलीवाला, दूधवाला, फुलवाला, रिक्षावाला या सगळ्यांच्या हिशेबात ती रात्र कमी होते.

जुन्या तीन वाड्यांपैकी साठेवाडा परिसर रुंद करताना पाडला गेला. दीक्षितवाड्यात संस्थानने बाबांच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय केले. बुटीवाड्यात समाधी आहे. द्वारकामाई (बाबांची मशीद), चावडी आणि गुरुस्थान (निंबाच्या झाडाची जागा) यांभोवती ज्या घरांत पहिल्या पिढीचे भक्त उतरले, त्यांतली काही अजून उभी आहेत, पण अनेकांच्या जागी दुकाने आणि लॉज आले आहेत. संस्थान, नगरपरिषद आणि गावातली जुनी कुटुंबे यांनी मिळून या प्रत्येक घराची नोंद करावी. ते कोणी बांधले, कधी बांधले, त्यात कोण किती दिवस राहिले हे लिहून दारावर एक साधी पाटी लावावी. कोते, गोंदकर, शेळके घराण्यांतल्या ज्येष्ठांना यातले पुष्कळ माहीत आहे आणि हे काम त्यांच्या हयातीतच व्हायला हवे.